मोटारीवरचें कांचेचें पांघरूण

खारघरच्या एकाद्या मोठ्या गृहसंकुलाच्या वाहनतळावर पहाटे साडेपांचच्या सुमारास कोणी गेलें, तर तेथें एक ठराविक देखावा दृष्टीस पडतो. एक मनुष्य हातांत बादली व खांद्यावर दोन फडकीं घेऊन मोटारींच्या रांगेंतून झपाझप पुढें सरकत असतो. मंडळी कचेरीस निघण्यापूर्वीं त्याला वीस-पंचवीस मोटारी पुसावयाच्या असतात. पहिल्या मोटारीच्या वांट्यास येणारें पाणी स्वच्छ असतें; पांचव्या मोटारीपाशीं तें गढूळ होतें; आणि दहाव्या मोटारीपाशीं बादलीच्या तळाशीं बारीक रेतीचा थर बसलेला असतो. फडकें मात्र तेंच आणि बादलीहि तीच. या रांगेंत एकादी मोटार अशी असते कीं, जिच्या रंगावर ‘सिरॅमिक कोटिंग’ नांवाचा लेप देण्यासाठीं तिच्या मालकानें नुकतेच तीस-चाळीस हजार रुपये मोजलेले असतात. लेप देणाऱ्यानें त्याला सांगितलेलें असतें कीं, आतां पांच वर्षें रंगाची चिंता नको. तरी वर्ष उलटण्यापूर्वींच उन्हांत उभ्या असलेल्या त्या मोटारीच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक वर्तुळें चमकूं लागतात, आणि आपण फसलों असें मालकाच्या मनांत येतें.

खरोखर तो फसला काय? आणि फसला असल्यास दोष कोणाचा? लेपाचा, लेप देणाऱ्याचा, पुसणाऱ्याचा, कीं स्वतः त्याचाच? न्यायनिवाडा करण्यापूर्वीं हा लेप म्हणजे काय पदार्थ आहे, त्याला काय साधतें आणि काय साधत नाहीं, हें समजून घेणें इष्ट आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीनें तीस-चाळीस हजार रुपये ही कांहीं लहान रक्कम नव्हे. आणि पहाटे मोटारी पुसणाऱ्याच्या दृष्टीनें तर ती कित्येक महिन्यांची कमाई होय.

प्रथम नांवाचाच विचार करावा. ‘सिरॅमिक’ म्हटलें कीं मराठी घरांतील माणसास लोणच्याची चिनीमातीची बरणी आठवावी. त्या बरणीच्या अंगावर जी तकतकीत झिलई असते ती वस्तुतः एक प्रकारची कांचच होय. भट्टीच्या प्रखर उष्णतेंत ती वितळते आणि मातीशीं एकजीव होते. म्हणूनच मीठ, तेल आणि कैरीचा आंबटपणा वर्षभर आंत मुरत राहिला तरी बरणीचें कांहीं बिघडत नाहीं. असेंच एक पांघरूण मोटारीवर चढवितां आलें तर काय बहार होईल, ही कल्पना कोणासहि सुचण्यासारखी आहे. परंतु मोटार भट्टींत घालतां येत नाहीं. घातली तर तिचा रंग, रबर व प्लास्टिक यांची राख होईल. तेव्हां भट्टीवांचून, साध्या हवेंत, कांचेसारखा थर कसा तयार करावा हा खरा प्रश्न होता.

त्याचें उत्तर सिलिकॉन या मूलद्रव्यानें दिलें. वाळू, गारगोटी आणि कांच या तिहींचा पाया सिलिकॉन व प्राणवायु यांच्या संयोगानें झालेली सिलिका हा आहे. सिलिकॉनचे अणु नत्राच्या अणूंशीं साखळीसारखे जोडले असतां ‘पॉलिसिलाझेन’ या कुळांतील संयुगें बनतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनीं १९२१ सालीं या कुळाचा प्रथम परिचय करून दिला. या संयुगाचा स्वभाव मोठा मजेदार आहे. द्रावकांत विरघळवून घट्ट बुचाच्या बाटलींत ठेवलें तोंवर तें निमूटपणें द्रवरूपांत राहतें. पण हवेंतील बाष्पाशीं गांठ पडली कीं त्यांतील नत्र अमोनियाच्या रूपानें निघून जातो, त्याची जागा प्राणवायु घेतो, आणि साखळ्या एकमेकींत गुंतून सिलिकेचें जाळें तयार होतें. कित्येक लेपांत याऐवजीं सिलोक्झेन, म्हणजे सिलिकॉन व प्राणवायु यांच्या सेंद्रिय शाखा असलेल्या साखळ्या वापरतात, आणि कित्येकांत दोहोंचें मिश्रण असतें. या सेंद्रिय शाखांमुळें लेपास थोडा लवचिकपणा येतो व पाणी झिडकारण्याचा गुणहि येतो. अर्थात् बरणीची झिलई ही खरी कांच. हा लेप कांच आणि राळ यांच्या मधला. ‘सिरॅमिक’ हें नांव अर्धें रसायनशास्त्राचें आणि अर्धें जाहिरातीचें आहे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील पुष्कळ गैरसमज आपोआप टळतात.

आतां हा लेप बसतो कशावर? आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. पत्र्यास गंज चढूं नये म्हणून अगदीं तळाशीं विजेच्या साहाय्यानें बसविलेला अस्तराचा थर असतो; त्यावर दुसरें अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण. मोटारीची जी चकाकी डोळ्यांत भरते ती या रोगणाची. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. त्या मापानें कारखान्यांतून आलेल्या रंगाची एकूण जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते, आणि त्यांतील पारदर्शक रोगण सुमारें ४० ते ५० मायक्रॉन असतें. माणसाचा केंस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या रोगणावर सारी शोभा अवलंबून तें केंसाहूनहि पातळ! आणि सिरॅमिक लेप तर या रोगणाच्या मानानें अगदींच तलम. त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉन, कित्येकदां त्याहूनहि कमी असते. रस्त्यावरून जाणाऱ्या डंपरमधून उडालेला खडा या पांघरुणास जुमानील अशी अपेक्षा करणें म्हणजे मलमलीच्या सदऱ्यानें लाठीचा मार अडेल असें मानण्यासारखें आहे. खड्यापासून रक्षण हवें असेल तर त्यासाठीं १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक संरक्षक फिल्म मिळते. तिचें काम वेगळें आणि किंमतहि पुष्कळ अधिक.

जाहिरातींत या लेपाच्या नांवापुढें ‘९ एच’ अशीं अक्षरें मोठ्या दिमाखानें छापलेलीं असतात. ग्राहकास वाटतें कीं हिऱ्याचा कठीणपणा दहा, तेव्हां हा लेप त्याच्या एकच पायरी खालीं. येथें दोन निरनिराळ्या मापांची गल्लत होते. हिऱ्यास दहावा क्रमांक देणारें माप फ्रीड्रिख मोह्‌स या खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं सुचविलें. ‘९ एच’ हें त्या मापांतलें नव्हे. तें चित्रकाराच्या पेटींतील शिसपेन्सिलीचें माप आहे. ६ बी पासून ९ एच पर्यंतच्या पेन्सिली क्रमानें घ्यावयाच्या, त्या ठराविक भारानें ४५ अंशांच्या कोनांत रंगावरून ढकलावयाच्या, आणि कोणत्या पेन्सिलीनें ओरखडा उठत नाहीं तें पाहावयाचें, अशी ती परीक्षा असते. ‘९ एच’ याचा अर्थ एवढाच कीं, सर्वांत कठीण पेन्सिलीनेंहि या थरावर ओरखडा उठला नाहीं. आणि पेन्सिल कशाची? ग्रॅफाइट व माती यांची. साध्या खिडकीच्या कांचेवरहि ९ एच पेन्सिलीचा चरा उमटत नाहीं. आणखी एक गोष्ट अशी कीं, हा एक-दोन मायक्रॉनांचा थर मऊ रोगणावर बसलेला असतो. गादीवर पातळ कांच ठेवून तीवर भार दिला तर गादी दबते आणि कांच तडकते. तसाच प्रकार येथेंहि होतो.

आतां खारघरच्या धुळीकडे वळावें. गांवाच्या पाठीशीं उभी असलेली टेकडी, जिच्यावरून पावसाळ्यांत पांडवकडा कोसळतो, ती सह्याद्रीच्या इतर डोंगरांप्रमाणेंच काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टाची आहे. याच पाषाणाची खडी नवी मुंबईच्या परिसरांत पुष्कळ वर्षें फोडली गेली आणि तिच्यावरच हें शहर उभें राहिलें. बेसाल्टांत फेल्डस्पार व पायरॉक्सीन हीं मुख्य खनिजें असतात. मोह्‌सच्या मापांत फेल्डस्पारचा कठीणपणा ६, पायरॉक्सीनचा ५ ते ६ च्या आसपास, आणि साध्या कांचेचा सुमारें ५॥. म्हणजे खारघरच्या मोटारीवर सकाळीं जी करडी धूळ दिसते, तिचे कण कांचेवरहि चरा उमटवूं शकतात. मग कांचेची नुसती छाया असलेल्या लेपाची काय कथा! ही धूळ मोटारीवर बसली म्हणून रंग बिघडत नाहीं. ती ओल्या फडक्यानें घासली म्हणजे बिघडतो. बॉनेटवर दिसणारीं कोळ्याचीं जाळीं हीं दुसरें तिसरें कांहीं नसून अशा हजारों सूक्ष्म ओरखड्यांचें प्रकाशांत पडलेलें रूप होय.

मग लेपाचा उपयोग तरी काय? उपयोग आहे, आणि तो खरा आहे. त्याचा पहिला गुण म्हणजे पाणी व घाण यांस चिकटूं न देणें. मराठी माणसास हा गुण समजावून सांगण्यासाठीं प्रयोगशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. ‘अळवावरचें पाणी’ हा शब्दप्रयोग त्याच्या जिभेवर असतोच. अळूच्या पानावर पडलेला थेंब मोत्यासारखा गोल होतो आणि पान कललें कीं ओघळून जातो. या पानावर मेणाचा थर असतो, शिवाय डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य बारीक पुटकुळ्या असतात. थेंब त्या पुटकुळ्यांच्या टोंकांवर, मधल्या हवेच्या आधारानें, तरंगत राहतो. पाण्याचा थेंब पृष्ठभागाशीं जो कोन करतो तो अशा पानांवर १५० अंशांहूनहि अधिक असूं शकतो. जर्मनींतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट व त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनीं १९९७ सालीं कमळाच्या पानाविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत थेंब ओघळतांना धूळहि कशी बरोबर घेऊन जातो हें दाखविलें आहे.

परंतु मोटारीवरील लेप हा अळूचें पान नव्हे. गुळगुळीत पृष्ठभाग कितीहि पाणी झिडकारणारा केला तरी हा कोन सुमारें १२० अंशांच्या पलीकडे जात नाहीं. चांगल्या सिरॅमिक लेपावर तो १०० ते ११० अंश असतो. त्याहून अधिक कोन हवा तर पुटकुळ्यांचा खडबडीतपणा पाहिजे, आणि खडबडीतपणा आला कीं प्रकाश विखुरतो व चकाकी जाते. अळूचें पान आरशासारखें चमकत नाहीं, तें मंद दिसतें, याचें कारण हेंच. मोटारीच्या मालकास तर आरशासारखी चकाकीच हवी असते. अळूचा निर्मळपणा आणि आरशाचें तेज हीं दोन्हीं एकाच पृष्ठभागावर पूर्णपणें नांदत नाहींत. लेप हा त्या दोहोंमधील तह आहे. म्हणून ‘मोटार आपोआप स्वच्छ राहील’ हें म्हणणें अर्धवट खरें. पावसाच्या सरीनें सुटी धूळ वाहून जाईल. पण वंगणाचा धूर, डांबराचे ठिपके आणि चिकटून बसलेला मळ हे मात्र धुतल्यावांचून जाणार नाहींत. लेपाचा लाभ असा कीं धुण्यास श्रम कमी पडतात, घासावें कमी लागतें, आणि घासणें कमी झालें म्हणजे ओरखडेहि कमी होतात.

दुसरा गुण रासायनिक. रोगण हें सेंद्रिय राळेचें असल्यामुळें आम्लें, क्षार व ऊन यांचा त्यावर परिणाम होतो; सिलिकेचें जाळें त्या मानानें सोशिक असतें. खारघरासारख्या ठिकाणीं या गुणाला महत्त्व आहे. एका बाजूस पनवेलची खाडी व तिची खारट हवा, दुसऱ्या बाजूस तळोजें औद्योगिक वसाहत. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यांत त्या वसाहतींतील भटक्या कुत्र्यांच्या अंगावर चक्क निळा रंग चढलेला दिसला, आणि त्याची बातमी देशोदेशीं गेली. मुक्या जनावरांच्या कातडीवर जें बसतें तें दारांतल्या मोटारीवर बसणार नाहीं असें कोण म्हणेल? पक्ष्यांची विष्ठा ही दुसरी पीडा. तींत यूरिक आम्ल व पाचक द्रव्यें असतात. शिवाय उन्हानें रोगण तापून मऊ होतें, वाळत चाललेली विष्ठा आकसते, आणि तिचा ठसा रोगणांत उमटून राहतो. लेपामुळें या साऱ्या प्रकारांत कांहीं तासांची सवड मिळते. मात्र ती सवडच होय, अभयदान नव्हे. विष्ठा दिसतांच पाण्यानें भिजवून, मऊ झाल्यावर अलगद उचलून काढावी; नखानें वा कोरड्या कागदानें खरवडूं नये.

एका बाबतींत तर लेप असलेल्या मोटारीची काळजी अधिकच घ्यावी लागते, आणि ती बाब म्हणजे पाण्याचे डाग. सिडकोच्या पाणीपुरवठ्यांत पेण तालुक्यांतील हेटवणे धरणाचा मोठा वांटा आहे, आणि धरणाचें पाणी सामान्यतः मृदु असतें. परंतु उन्हाळ्यांत नळाचें पाणी पुरत नाहीं. मग मोटारी धुण्यासाठीं कूपनलिकेचें किंवा टँकरचें पाणी वापरण्यांत येतें. जमिनींतून येणाऱ्या पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. साध्या रंगावर हें पाणी पसरून वाळलें तर क्षाराचें पातळ पूट सर्वत्र सारखें बसतें व तें फारसें दिसत नाहीं. लेपावर मात्र पाणी पसरत नाहीं, त्याचे थेंब उभे राहतात. आणि एकेक थेंब वाळतांना आपला सारा क्षार टिकलीएवढ्या जागेंत सोडून जातो. म्हणजे ज्या मोत्यासारख्या थेंबांचें छायाचित्र जाहिरातींत झळकतें, तेच थेंब उन्हांत वाळूं दिले तर डागांचे जनक ठरतात! यावर उपाय सोपा आहे. मोटार सावलींत धुवावी आणि धुतल्याबरोबर कोरडी टिपून घ्यावी. डाग ताजे असतील तर पांढरें व्हिनेगर तितक्याच पाण्यांत मिसळून, त्यानें मिनिटभर ओलें करून, स्वच्छ पाण्यानें धुवून टाकावें. जुने डाग रोगणांत उतरले असतील तर पॉलिशवांचून गत्यंतर नसतें.

लेप द्यावयाचा असें ठरल्यावर लक्षांत ठेवण्याची मुख्य गोष्ट ही कीं, बाटलीपेक्षां तिच्या आधींचें काम महत्त्वाचें. लेप पारदर्शक असतो. खालीं जें असेल तें तो झांकीत नाहीं, उलट कोंडून ठेवतो. म्हणून प्रथम मोटार धुवावी लागते. नंतर ब्रेकच्या व रुळांच्या धुळींतील लोखंडाचे रुतलेले कण रासायनिक द्रवानें विरघळवून, आणि उरलेला चिकट मळ विशिष्ट चिकणमातीच्या वडीनें उचलून काढावा लागतो. यानंतर पॉलिश. पॉलिश करणें याचा अर्थ ओरखडा भरून काढणें असा नसून, त्याच्या सभोंवतालचें रोगण घासून पातळी सारखी करणें असा आहे. जोरदार पॉलिशनें एका वेळीं दोन-तीन मायक्रॉन रोगण सहज जातें. आणि उन्हांतील अतिनील किरण अडविणारीं द्रव्यें या रोगणांतच असतात. चाळीस मायक्रॉनांची ही पुंजी जन्मभर पुरवावयाची आहे, हें ओळखून जो कारागीर आधीं जाडी मोजण्याचें यंत्र लावून पाहतो आणि मगच यंत्र फिरवितो, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं. अपघातानंतर नव्यानें रंगविलेल्या भागावर मात्र सुमारें महिनाभर लेप देऊं नये. त्या रंगांतील द्रावक उडून जावयाचे असतात.

शेवटीं अल्कोहोलनें तेलाचा अंश पुसून थोडथोड्या भागावर लेप आडवाउभा लावतात आणि मिनिट-दोन मिनिटांत उरलेला भाग मऊ फडक्यानें सारखा करतात. हा क्षण चुकला तर तेथें काळपट पट्टा कायमचा बसतो. कोंकणपट्टीच्या पावसाळी हवेंत बाष्प अधिक, म्हणून लेप लवकर आवळतो व चुका अधिक होतात. यास्तव हें काम पावसाळा संपल्यावर, कार्तिक ते माघ या महिन्यांत करणें श्रेयस्कर. लेप दिल्यावर पहिला दिवस मोटारीवर पाण्याचा थेंब पडूं देऊं नये व पहिला आठवडा साबण लावूं नये. आणखी एक विचार माणुसकीचा. कित्येक लहान दुकानांत धूळ येऊं नये म्हणून दार लावून घेतात, आणि बंद खोलींत द्रावकाची वाफ व अमोनियाचा दर्प भरून राहतो. तेथें राबणारीं तरुण मुलें हातमोजे व वाफ गाळणारा मुखवटा वापरतात कीं नाहीं, खोलींत हवा खेळती आहे कीं नाहीं, हें ग्राहकानें एकदां डोळ्यांनीं पाहावें. ज्या दुकानांत कामगाराच्या छातीची काळजी नाहीं, तेथें परक्याच्या मोटारीची काळजी कितपत असेल?

हमीपत्राविषयींहि चार शब्द अवश्य आहेत. पांच किंवा सात वर्षांच्या हमींत बहुधा दरवर्षीं त्याच दुकानीं तपासणी करून घेण्याची व तिचे पैसे भरण्याची अट असते. ओरखडे, खड्यांचे घाव व पाण्याचे डाग हे बहुधा हमीच्या बाहेर ठेवलेले असतात. म्हणजे ग्राहकास ज्याची भीति असते तेंच नेमकें वगळलेलें! तोंडी आश्वासनावर न विसंबतां कागद नीट वाचून, काय भरून मिळेल तें लिहून घ्यावें आणि पावती जपून ठेवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे. पण कायद्याचा आधार कागद असणारासच मिळतो.

आतां पुन्हां पहाटेच्या त्या वाहनतळाकडे यावें. कारण लेपाचें आयुष्य दुकानांत नव्हे, तेथें ठरतें. मालक व पुसणारा यांच्यामध्यें बहुधा असा संवाद होतो. मालक म्हणतो, “अहो भाऊ, गाडीला जरा जपून हात लावीत जा, हे पाहा किती ओरखडे!” पुसणारा म्हणतो, “साहेब, रोज पुसा म्हणून तुम्हींच सांगितलेंत. एक दिवस राहिली तर बाईसाहेब विचारतात. नळ एक, बादली एक, आणि आठाच्या आंत सगळ्या गाड्या झाल्या पाहिजेत.” त्याचें म्हणणें खोटें नाहीं. एका मोटारीमागें त्याला महिन्यास कांहीं शें रुपये मिळतात. तेवढ्या मोलांत रोज पंचवीस वेळां बादली बदलावी अशी अपेक्षा करणाऱ्यानें स्वतः एकदां ती बादली उचलून पाहावी.

दोष पुसणाऱ्याचा नसून रोज पुसण्याच्या रिवाजाचा आहे. लेप असलेल्या मोटारीस रोज फडकें लावण्याची गरजच नाहीं. धूळ बसली तर बसूं द्यावी. ती रंगास खात नाहीं. आठ-पंधरा दिवसांनीं एकदां मोटार नीट धुवावी, आणि ती अशी: प्रथम साध्या पाण्यानें वरची धूळ वाहवून द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या. एकींत सौम्य, म्हणजे आम्लहि नव्हे व क्षारहि नव्हे असें शांपूचें पाणी, दुसरींत नुसतें पाणी. शांपूंत बुडविलेला मायक्रोफायबरचा मोजा टपापासून खालीं अशा क्रमानें हलक्या हातानें फिरवावा आणि दर वेळीं दुसऱ्या बादलींत खळबळून मगच पुन्हां पहिलींत घालावा. म्हणजे रेती दुसऱ्या बादलीच्या तळाशीं राहते, मोटारीवर परत जात नाहीं. चाकांसाठीं फडकें निराळें. जमिनीवर पडलेलें फडकें पुन्हां रंगास लावूं नये. शेवटीं मोठ्या मऊ टॉवेलानें पाणी टिपावें, रगडूं नये. भांडीं घासण्याचा साबण, कपड्यांची पूड व रॉकेल यांस मोटारीजवळ फिरकूं देऊं नये. दोन-तीन बादल्यांत हें सारें उरकतें. नळी सोडून ठेवली तर याच्या दुपटी-तिपटीनें पाणी गटारांत जातें, आणि ज्या वसाहतींत उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं मोर्चे निघतात तेथें ही उधळपट्टी शोभत नाहीं.

हें काम त्याच पुसणाऱ्या भाऊंकडून करून घेण्यास कांहींच अडचण नाहीं. त्यांस एकदां पद्धत दाखवावी, मोटारीच्या डिकींत स्वतःचा मोजा व दोन टॉवेल ठेवावे, एक जादा बादली द्यावी, आणि मुख्य म्हणजे ‘रोज पुसूं नका, पंधरवड्यांतून दोनदां नीट धुवा, महिन्याचे पैसे मात्र तेच’ असें मोकळेपणानें सांगावें. बादली व फडकीं यांस जो खर्च येईल तो लेपाच्या किंमतीपुढें क्षुल्लक आहे. आणि तो केला नाहीं तर लेपाची किंमत मात्र पाण्यांत जाते.

वर्ष-सहा महिन्यांनीं पाण्याचे थेंब पूर्वींसारखे गोल होत नाहींसें दिसलें तर लेप संपला असा निष्कर्ष एकदम काढूं नये. पुष्कळदां त्यावर मळाचें व क्षाराचें पूट बसलेलें असतें. चांगलें धुवून, लोखंडाचे कण काढून, व्हिनेगरच्या पाण्यानें क्षार उतरवून पाहावें. थेंब पुन्हां गोल होऊं लागले तर लेप शाबूत आहे असें समजावें. दर तीन-चार महिन्यांनीं सिलिकायुक्त फवारा मारून वरचा थर ताजा करतां येतो. तरीहि पाणी पसरतच राहिलें, तर लेप खरोखर झिजला. तो झिजला म्हणून मोटारीचें कांहीं नुकसान होत नाहीं. खालचें रोगण पूर्वींच्याच स्थितींत असतें, एवढेंच कीं आतां त्याच्यावर पांघरूण नसतें.

तेव्हां लेप घ्यावा कीं घेऊं नये? ज्याची मोटार उघड्यावर उभी राहते, ज्याला ती आठ-दहा वर्षें बाळगावयाची आहे आणि धुण्याची पद्धत बदलण्याची ज्याची तयारी आहे, त्यास हा खर्च सार्थकीं लागेल. ज्याची मोटार छपराखालीं असते, किंवा जो दोन-तीन वर्षांत ती विकणार आहे, त्यास साधें मेण किंवा सिलिकेचा फवारा पुरेसा आहे. तो दर दोन-तीन महिन्यांनीं स्वतःच्या हातानें लावतां येतो. आणि ज्याला एकदां पैसे फेंकून कायमची निश्चिंती विकत घ्यावयाची आहे, त्यानें हा लेप घेऊं नये. कारण ती वस्तु कोणत्याहि बाटलींत मिळत नाहीं.

आरंभीं ज्या मालकास आपण फसलों असें वाटलें, त्याचा लेप कदाचित् उत्तम असेल आणि कारागीरहि प्रामाणिक असेल. त्यानें पांघरूण विकत घेतलें, पण तें वापरण्याची रीत घरीं आणली नाहीं. लोणच्याची बरणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती केवळ तिच्या झिलईमुळें नव्हे. ओला हात आंत घालूं नये आणि बरणी आपटूं नये हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असतें म्हणून ती टिकते. मोटारीवरील या कांचेच्या पांघरुणासहि तोच नियम लागू आहे.